आधी मीटर, मग दिवा: सेन्सरची उपकरणं बनवत इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर शिक्षकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या माध्यमिक शाळेत आठवी-नववीची ४० मुलं आहेत. विज्ञान प्रदर्शनासाठी ती अंधार पडला की आपोआप पेटणारा दिवा, टाकी भरली की वाजणारा बझर अशा वस्तू करून आणतात आणि त्या चालतातही. पण ‘हा भाग इथे का जोडलास?’ असं विचारलं की ‘व्हिडिओत तसं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. आता शाळेला थोडे पैसे मिळालेत, दुकानदाराने आर्डुइनोचे (प्रोग्राम लिहून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे) संच सुचवलेत. सुरुवात त्यापासून करावी का, आणि मुलांना खरंच समजेल असं शिकवायचं कसं, हे तुम्हाला हवंय.

मी २२ वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. आता शाळाशाळांत जाऊन असेच वर्ग घेतो. माझं मत असं: आर्डुइनो जरूर घ्या, पण पहिले दोन महिने त्याचं खोकं कपाटात राहू द्या. तोवर मुलांच्या हातात एकच गोष्ट पक्की बसवा. दोन रोध (रेझिस्टर) एकापुढे एक जोडून बॅटरीला लावले, की त्यांच्या मधल्या बिंदूवर किती व्होल्ट येतात? सेन्सरवर चालणाऱ्या बहुतेक साध्या उपकरणांचा जीव त्या मधल्या बिंदूत असतो. प्रकाश, पाणी, तापमान यांतलं काहीही बदललं तरी शेवटी तो बिंदू वर सरकतो किंवा खाली सरकतो, आणि पुढचं सर्किट त्याच्याकडे बघून निर्णय घेतं. ज्या मुलाला हे दिसायला लागलं, त्याला व्हिडिओची गरज फक्त पिना कुठल्या ते बघण्यापुरती उरते.

नववीच्या पुस्तकात ओहमचा नियम आहे, रोधांची एकसर जोडणीही आहे. मुलं उदाहरणं सोडवतात, गुणही मिळवतात. पण तो मधला बिंदू त्यांनी कधी मीटरने मोजलेला नसतो. आपलं काम तिथून सुरू होतं.

पहिल्या तासाला काहीही जोडू नका. चार-चार मुलांचे दहा गट करा आणि प्रत्येक गटाला एक मल्टिमीटर आणि एक एलडीआर द्या. एलडीआर म्हणजे प्रकाश पडला की ज्याचा रोध कमी होतो तो, नागमोडी रेघांचा छोटा गोल तुकडा. मीटर रोध मोजायच्या पट्टीवर ठेवून खिडकीशी मोजायचं, बाकाखाली मोजायचं, मुठीत घट्ट धरून मोजायचं, पटांगणात उन्हात नेऊन मोजायचं. खिडकीशी साधारण एक-दोन किलोओहम येतात, मुठीत आकडा शेकडो किलोओहमपर्यंत चढतो, आणि थेट उन्हात तो शे-दोनशे ओहमच्या आसपास किंवा त्याही खाली उतरतो. डब्यात बंद केला तर मीटरच्या पट्टीत मावतच नाही, डावीकडे नुसता १ दिसतो. तो १ म्हणजे एक ओहम नव्हे, ‘माझ्या पट्टीबाहेर’ असं मीटर सांगतंय, हे तिथल्या तिथे सांगून टाका. मुलं तो आकडा हमखास वहीत उतरवतात.

या तासात आणखी एक गोष्ट मुलांना स्वतःहून दिसते. उजेडातून अंधारात नेल्यावर आकडा लगेच चढत नाही, काही सेकंद हळूहळू चढत राहतो. एलडीआर आळशी आहे. त्याची नोंद वहीत करून ठेवायला लावा, पुढे उपयोगी पडते.

दुसऱ्या तासाला चार पेन्सिल सेल म्हणजे ६ व्होल्ट, वरच्या बाजूला ४७ किलोओहमचा रोध, खालच्या बाजूला एलडीआर. बाकी काही नाही, एलईडीसुद्धा नाही. मीटर व्होल्टवर, काळी वायर ऋण टोकाला, लाल वायर मधल्या बिंदूला. आधी वहीत गणित करायचं आणि मगच मोजायचं, हा क्रम कधी मोडू देऊ नका. एलडीआर २ किलोओहम असेल तर ६ ला २ ने गुणून ४९ ने भागायचं, म्हणजे सुमारे पाव व्होल्ट. झाकून तो ४७ किलोओहम झाला तर दोघं सारखे, म्हणून निम्मे, ३ व्होल्ट. हात वर-खाली केला की मीटरवरचा आकडा हाताबरोबर हलतो. त्या क्षणी वर्गाचा आवाज बदलतो, हे मी दरवर्षी बघतो. हात आणि आकडा यांचं नातं त्यांच्या डोळ्यांसमोर असतं, मध्ये काही लपलेलं नसतं. मग रोध आणि एलडीआर यांच्या जागा बदलायला सांगा. आता एलडीआर झाकला की आकडा खाली येतो. अंधारात पेटणारा दिवा आणि उजेडात वाजणारा बझर यांत फरक फक्त या अदलाबदलीचा आहे, हे त्यांना सांगावं लागत नाही.

या दोन तासांना लोक वेळेचा अपव्यय म्हणतात. दिवा पेटला नाही, पालकांना दाखवण्यासारखं काही झालं नाही. तुम्ही मात्र घाई करू नका. सगळं पीक या नांगरटीवर आहे.

तिसऱ्या तासाला ट्रान्झिस्टर, म्हणजे थोड्या धारेवर मोठी धारा चालू-बंद करणारा तीन पायांचा भाग. बीसी५४७ घ्या, दोन-चार रुपयांना मिळतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दिसायला अगदी असेच असणारे दुसरे काही ट्रान्झिस्टर एमिटर, बेस, कलेक्टर अशा उलट क्रमाने येतात, म्हणून अंगावरचा नंबर भिंगाने वाचायची सवय लावा. दुसऱ्या तासाचंच सर्किट, रोध वर आणि एलडीआर खाली. मधला बिंदू बेसला, एमिटर ऋण टोकाला, आणि कलेक्टरपासून लाल एलईडी आणि ३३० ओहमचा रोध धन टोकाकडे. खिडकीत एलईडी बंद, हात धरला की चालू.

मुलं आनंदाने ओरडतील. त्यांना ओरडू द्या, आणि मग एक प्रश्न विचारा, माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा: ‘आता झाकलेल्या एलडीआरवर मधल्या बिंदूचे व्होल्ट मोजा.’ काल तिथे ३ व्होल्ट आले होते, वहीत लिहिलेले आहेत. आज मीटर ०.७ च्या आसपास थांबतो. कितीही झाका, पुढे जात नाही. बाकीचे व्होल्ट गेले कुठे?

इथे पाच मिनिटं गप्प राहा. कुणी म्हणेल सेल उतरले, त्याला सेल मोजू द्या. कुणी म्हणेल मीटर बिघडला, त्याला शेजारच्या गटाचा मीटर आणू द्या. एखादी मुलगी म्हणेल, ‘बेसची वायर काढून बघू का?’ वायर काढली की आकडा परत ३ वर. म्हणजे ट्रान्झिस्टरच काहीतरी करतोय. आता फळ्यावर या. बेस आणि एमिटरच्या मध्ये एक डायोड, म्हणजे धारा एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, दडलेला असतो. ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत तो बंद दारासारखा, त्यापुढे तो स्वतःतून धारा जाऊ देतो. टाकीच्या वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचा पाइप असला की पाणी त्याच्या वर चढत नाही, तसंच. आणि त्या पाइपातून जाणारं थोडंसं पाणी कलेक्टरचं मोठं दार उघडतं. मी आयटीआयच्या मुलांना हीच गोष्ट पहिली काही वर्षं नुसती सांगत होतो, तेव्हा ती परीक्षेपुरती राहायची. मोजलेला आकडा चुकतोय हे स्वतः पाहिल्यानंतर सांगितलं तर ती राहते.

आता धारा किती, तेही काढा. पण मीटर अँपिअरवर लावून नव्हे. शाळेतले मीटर बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं: मुलं अँपिअरवर ठेवून थेट सेलच्या दोन टोकांना लावतात आणि आतला फ्यूज जातो. माझ्या वर्गात नियम आहे, धारा नेहमी रोधावरचे व्होल्ट मोजून, रोधाने भागून काढायची. ४७ किलोओहमवर ५.३ व्होल्ट, म्हणजे बेसकडे जास्तीत जास्त ०.११ मिलिअँपिअर. ३३० ओहमवर साधारण ४ व्होल्ट, म्हणजे एलईडीतून १२ मिलिअँपिअर. शंभर पटीहून जास्त. ट्रान्झिस्टर म्हणजे काय याची यापेक्षा चांगली व्याख्या आठवीच्या मुलाला द्यायची गरज नाही. फ्यूज वाचतो आणि ओहमचा नियम रोज हातातून जातो, हा दुहेरी फायदा.

संध्याकाळी नेमक्या किती अंधारात दिवा लागावा हे ठरवता यावं म्हणून मुलं ४७ किलोओहमच्या जागी १०० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रोध) लावायला निघतात. लावू द्या, पण त्याच्याशी एकसर १० किलोओहमचा साधा रोध बंधनकारक करा. प्रीसेट फिरवत फिरवत शून्यावर नेला, तर बेस थेट ६ व्होल्टला लागतो आणि ट्रान्झिस्टर जातो. पण एखादा ट्रान्झिस्टर मुद्दाम असा जाळून दाखवायला हरकत नाही. दोन रुपयांत एवढा लक्षात राहणारा धडा दुसरा नाही.

मग येतो तो दिवस, ज्याची मी वाट बघत असतो. कुणीतरी थर्माकोलचं गाव करतं, रस्त्याच्या कडेला खांब, खांबावर पांढरा एलईडी, आणि एलडीआर त्याच खांबाखाली चिकटवलेला. अंधार केला की दिवा धड पेटत नाही. अर्धवट मंद जळत राहतो. रिले (कॉइलमधल्या धारेने उघडझाप होणारा स्विच) लावलेला असेल तर टकटक टकटक सुरू होतं. मुलांना वाटतं जोडणी सैल आहे. जोडणी ठीक असते. दिवा पेटला की त्याचा उजेड एलडीआरवर पडतो, एलडीआरला वाटतं सकाळ झाली, तो दिवा विझवतो. विझला की परत रात्र. रिलेच्या टकटकीचा वेग कशावरून ठरतो, हे विचारा. पहिल्या तासाच्या वहीत उत्तर आहे: एलडीआर आळशी आहे, म्हणून.

पहिला उपाय मुलं स्वतःच काढतात, एलडीआर वर तोंड करून खांबाच्या माथ्यावर किंवा नळीत बसवायचा. आपल्या गावातल्या रस्त्यावरच्या दिव्याचा सेन्सर कुठे तोंड करून असतो ते बघून या म्हणावं. पण दुसरा उपाय सर्किटमधला आहे आणि तो शिकवायची हीच वेळ. पेटायचा उंबरठा एक आणि विझायचा उंबरठा दुसरा ठेवायचा. खूप अंधार झाला तर पेट, पण विझायला चांगलंच उजाडलं पाहिजे. मधल्या पट्ट्यात जसा आहेस तसा राहा. फ्रिजचा कॉम्प्रेसर असाच चालतो, नाहीतर तो दर दोन सेकंदांनी सुरू-बंद झाला असता.

यासाठी ५५५ ही आयसी (चिप) आणा. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली ती आखली आणि सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणली. पन्नास वर्षांनंतरही ती दहा-पंधरा रुपयांत मिळते आणि ४.५ व्होल्टपासून चालते. तिच्या पोटात पाच-पाच किलोओहमचे तीन रोध एकापुढे एक जोडलेले आहेत. म्हणजे पुन्हा आपला मधला बिंदू, या वेळी दोन मधले बिंदू: पुरवठ्याच्या एक तृतीयांशावर एक, दोन तृतीयांशावर दुसरा. ६ व्होल्टला ते होतात २ आणि ४. पिन २ आणि पिन ६ एकत्र जोडून तिथे आपण मधल्या बिंदूचे व्होल्ट दिले, की ते २ च्या खाली गेल्यावर पिन ३ (दिवा चालवणारी पिन) चालू होते, ४ च्या वर गेल्यावर बंद होते, आणि मध्ये असताना जशी होती तशी राहते. आता एलडीआर वर आणि १० किलोओहम खाली लावा. गणित करून बघा: एलडीआर २० किलोओहमच्या वर गेला की दिवा पेटेल, आणि ५ किलोओहमच्या खाली आल्याशिवाय विझणार नाही. चौपटीचं अंतर आहे. खांबाचा स्वतःचा उजेड एवढं अंतर ओलांडत नसेल, तर टकटक थांबते. ओलांडत असेल तर दिवा किती लांब न्यायचा हे मुलं मोजून ठरवतात. पिन ४ धन टोकाला जोडायला विसरू नका, नाहीतर आयसी मनाला येईल तशी वागते आणि तास फुकट जातो.

टाकीचा बझर हा मुलांचा दुसरा आवडता प्रयोग. दोन वायरी टाकीत वरच्या पातळीला, पाणी त्यांना लागलं की पाण्यातून अगदी थोडी धारा बेसला जाते आणि बझर वाजतो. बेसकडे जाणाऱ्या वायरीत १० किलोओहम टाका, म्हणजे वायरी एकमेकींना चिकटल्या तरी ट्रान्झिस्टर वाचतो. पहिल्या दिवशी सुंदर चालतं. दोन आठवड्यांनी मुलं तक्रार घेऊन येतात की बझर क्षीण झाला. बाहेर काढून बघितलं तर धन टोकाची तांब्याची वायर हिरवट, खाल्लेली, आणि ऋण टोकाची तशीच. पाण्यातून एकाच दिशेने धारा सतत गेली की हे होणारच. विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत अपघटनाचा धडा इथे टाकीत बसलेला असतो. तो त्याच दिवशी शिकवा, वेळापत्रकात रसायनशास्त्र कधी येतं त्याची वाट बघू नका. तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे दोन जुने चमचे लावले तर बरंच टिकतं. त्याहून चांगलं म्हणजे पाण्याला वायर लावायचीच नाही: बाटलीत थर्माकोलचा तरंगता तुकडा, त्यावर छोटं लोहचुंबक, आणि बाटलीच्या बाहेरून रीड स्विच. चुंबक जवळ आलं की रीड स्विच आपोआप जुळतो. ही कल्पना कुठल्या वर्गात मुलांनी स्वतः काढली तर त्यांना थांबवू नका, त्या दिवशीचा तुमचा धडा बाजूला ठेवा.

पाण्याच्याच वेळी एक छोटी चाचणी करायला लावा: नळाचं पाणी, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, पावसाचं साठवलेलं पाणी, आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी. त्याच दोन चमच्यांमधलं अंतर तेच ठेवून प्रत्येकाचे व्होल्ट लिहायचे. बोअरचं पाणी जास्त क्षार असलेलं का म्हणतात, ते आकड्यात दिसतं.

शेतकऱ्यांच्या घरची मुलं वर्गात असतील तर पुढचा प्रयोग त्यांच्या हातात द्या. शेतात पंपाला ‘ऑटो स्विच’ लावलेला असतो, वीज आली की पंप आपोआप सुरू. अडचण अशी की एका रोहित्रावरच्या सगळ्या पंपांना ऑटो लावलेले असले, तर वीज आल्याबरोबर सगळे एकाच क्षणी सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते. रोहित्र जळतं, आणि मग गाव अंधारात. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं आवाहन महावितरण शेतकऱ्यांना म्हणूनच करत असतं. मुलांना हे सगळं माहीत असतं, रात्रीअपरात्री वडिलांबरोबर मोटार चालू करायला ती गेलेली असतात. त्यांना सांगा, वीज आल्यावर थोडं थांबून सुरू होणारा ऑटो आपण एलईडीवर करून बघू.

५५५ तीच, पिन २ आणि ६ एकत्रच. आता वर एलडीआरच्या जागी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), त्याचं धन टोक पुरवठ्याकडे, आणि खाली १०० किलोओहमचा रोध. सेल जोडले की मधला बिंदू आधी ६ व्होल्टवर असतो आणि कपॅसिटर भरत जाईल तसा हळूहळू खाली येतो. २ व्होल्टपर्यंत आला की पिन ३ चालू. लागणारा वेळ म्हणजे रोध गुणिले कपॅसिटर गुणिले १.१, इथे साधारण ५२ सेकंद. मीटर मधल्या बिंदूवर ठेवून दर पाच सेकंदांनी आकडा लिहायचा आणि आलेख काढायचा. रेघ सरळ येत नाही, वाकते. ती का वाकते हे दहावीनंतर शिकतील, पण आठवीतल्या मुलाने स्वतःच्या हाताने काढलेला हा आलेख वहीत असू दे. मीटर लावल्यामुळेही वेळ थोडा बदलतो. एखाद्या गटाच्या ते लक्षात आलं तर भरभरून कौतुक करा.

दहा गटांचे वेळ दहा वेगळे येतात. कुणाचे ४४ सेकंद, कुणाचे ६०. मुलं घाबरतात, आपलं चुकलं म्हणून. साध्या कपॅसिटरवर लिहिलेल्या किमतीत २० टक्के फरक चालतो, असं सांगा. आणि मग विचारा, दहा पंपांच्या रोहित्रासाठी हा दोष आहे की गुण? सगळे एकदम सुरू झाले नाहीत, एवढंच तर हवं होतं. मी हा प्रश्न ज्या ज्या शाळेत विचारलाय, तिथे मागच्या बाकावरून उत्तर आलंय.

शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. गावात लागणारी कामं करता करता शिकायचं, हा त्यामागचा विचार. त्यातूनच पुढे राज्यातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आला. तुमच्या शाळेत तो नसला तरी तो विचार तुम्ही या एका प्रयोगात आणू शकता.

इथे एक गोष्ट मी कठोरपणे सांगणार आहे. शाळेत २३० व्होल्टला हात लावायचा नाही. रिले कितीही सोपा दिसला, व्हिडिओत कितीही जणांनी घरचा बल्ब जोडून दाखवला, तरी आपल्या वर्गात रिलेच्या पलीकडे टॉर्चचा ६ व्होल्टचा बल्बच असेल. उत्साही मुलं घरी जाऊन बोर्ड उघडतात, म्हणून हा नियम पालकांनाही लिहून कळवा. आणि रिलेच्या कॉइलला उलटा जोडायचा डायोड विसरू नका. ६ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल साधारण ६० मिलिअँपिअर घेते. धारा तोडली की तिच्यातून उलटा फटका येतो आणि ट्रान्झिस्टरला मारतो. हा फटका दाखवता येतो: खोली थोडी अंधारी करून कॉइलच्या टोकांना उलट्या दिशेने एक डायोड आणि एलईडी एकसर जोडा, आणि सेलची वायर झटकन काढा. काढताना एलईडी चमकतो. पुरवठा नसताना पेटलेला एलईडी बघितलेली मुलं डायोड विसरत नाहीत.

आता आर्डुइनो. आता उघडा खोकं. तोच मधला बिंदू, एलडीआर वर आणि १० किलोओहम खाली, ए० या व्होल्ट वाचणाऱ्या पिनला जोडा. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करून ० ते १०२३ मधला आकडा सांगतो. मुलांना विचारा, ५५५ च्या दोन उंबरठ्यांचे आकडे इथे किती? ३४१ आणि ६८२ जवळ. आता प्रोग्राम लिहायचा: ३४१ च्या खाली असेल तर पेट, ६८२ च्या वर असेल तर विझ. बहुतेक मुलं पहिल्या वेळी एकच आकडा धरून दोन ओळी लिहितात, आणि दिवा पुन्हा लुकलुकतो. दोन महिन्यांपूर्वीचा खांब त्यांना आठवतो. मी हे ज्यांनी सुरुवातच आर्डुइनोपासून केली त्या मुलांबरोबरही करून बघितलंय. लुकलुकणं थांबवायला ती प्रोग्राममध्ये थांबायच्या ओळी वाढवत बसतात, कारण बिघाड कुठे जन्मतो ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

बाजारात निळ्या पट्टीवर तयार मिळणारे सेन्सर आता द्या, आधी नाही. त्यावर एक आयसी असते, बहुधा एलएम३९३, आणि एक निळा प्रीसेट. भिंग घेऊन तांब्याच्या वाटा शोधायला लावा. सेन्सर एका रोधाशी जोडून मधला बिंदू, प्रीसेट म्हणजे दुसरा मधला बिंदू, आणि आयसी दोघांची तुलना करते. दहा मिनिटांत मुलं पट्टी वाचून दाखवतात.

टाकीत पाणी किती हे अंतर मोजून सांगणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी यायला लागणारा वेळ मोजणारा) वापरणार असाल, तर उन्हाळ्यात गावाकडच्या गच्चीवर नेऊन तपासा. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना साधारण ३५५. व्हिडिओतल्या प्रोग्राममध्ये ३४३ कोरून ठेवलेला असतो. एक मीटरला तीन-साडेतीन सेंटिमीटरची चूक पडते. मुलांना पट्टी देऊन ती चूक शोधायला सांगा आणि तापमानाचा सेन्सर जोडून दुरुस्त करू द्या. नववीच्या वर्गाला एवढं काम पुरे.

खरेदीचं विचारलंत म्हणून सांगतो. सर्वाधिक पैसा मल्टिमीटरवर घाला, दहा गटांना दहा हवेतच. दोन गटांत एक मीटर असला की एक गट मोजतो आणि दुसरा उतरवून घेतो. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एकदा जाऊन रोध, ट्रान्झिस्टर, एलडीआर शंभर-शंभरच्या हिशेबाने घ्या, खूप स्वस्त पडतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका, रिले आणि बझरला ती लगेच दमते. पेन्सिल सेलच घ्या. ब्रेडबोर्ड (वायरी खोचून सर्किट जोडायचा भोकांचा पाट) मोठा घेतलात तर कडेच्या लांब पट्ट्या मधोमध तुटलेल्या आहेत का ते मीटरच्या बीपने बघा, यावर मुलांचे तासच्या तास जातात.

गटातली कामं दर तासाला बदला: एक जोडणी करणार, एक मोजणार, एक वही लिहिणार, एक चाचणी घेणार. बदलली नाहीत, तर मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात मुलगे वायरी धरतात आणि मुलींच्या वाट्याला वही येते. हे कुणी ठरवून करत नाही, पण होतं. वेळापत्रक फळ्यावर लिहून ठेवा आणि मोडू देऊ नका.

गुण कसे द्यायचे, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. चालणाऱ्या मॉडेलला मी फारसे गुण देत नाही. प्रत्येक गटाने स्वतःच्या सर्किटमधल्या पाच बिंदूंचे व्होल्ट उजेडात आणि अंधारात मोजून तक्ता करायचा. मग मी सर्किट घेऊन बाहेर जातो आणि एक बिघाड करून आणतो: एलईडी उलटा, ४७ किलोओहमच्या जागी ४७० ओहम, बेसची वायर शेजारच्या भोकात, किंवा एक उतरलेला सेल. वायरी हलवायच्या नाहीत, फक्त तीन ठिकाणी मीटर लावायची परवानगी, आणि बिघाड सांगायचा. कुठले तीन बिंदू निवडले आणि का, यावर निम्मे गुण. तक्त्याच्या पहिल्या ओळीत सेलचे व्होल्ट लिहिले नसतील तर तक्ता परत करा. सेल ६ वर होते की ४.८ वर, हे माहीत नसेल तर खालचा कुठलाच आकडा वाचता येत नाही.